अजून जन्मास न आलेल्यांचीं लोकगीतें
(नभोवाणीवरील भाषण)

आज मी आपणांस तीन शब्दांची हकीकत सांगणार आहें. तिन्ही शब्द परदेशचे. त्यांतील दोन हेटाळणीचे, आणि तिसरा तर निव्वळ लेखनदोष. परंतु ज्यांच्यावर ते फेकले गेले त्यांनींच ते उचलून अभिमानानें कपाळीं लावले. या तीन शब्दांच्या संगमावर अमेरिकेंत गेल्या साठ-सत्तर वर्षांत गाण्याची एक परंपरा उभी राहिली. त्या परंपरेंतील एक प्रमुख गायिका लेस्ली फिश हिची ओळख करून देणें हा आजच्या भाषणाचा हेतु आहे. प्राथमिक शाळेच्या एका निवृत्त मास्तरानें, आणि तोहि केवळ मॅट्रिक झालेल्या, इतक्या दूरच्या विषयांत हात कां घालावा, असें आपणांस वाटेल. त्याचें कारण शेवटीं सांगेन. त्यांत माझ्या एका अपराधाची कबुली आहे.

पहिला शब्द 'गीक'. उत्तर जर्मनीकडील बोलींत 'गेक' म्हणजे मूर्ख. तो शब्द इंग्रजींत उतरला आणि शेक्सपियरच्या नाटकांतहि तो सांपडतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील फिरत्या जत्रांतून एक किळसवाणा खेळ होत असे. पोटासाठीं लाचार झालेला एखादा मनुष्य लोकांसमोर जिवंत कोंबडीचें मुंडकें दातांनीं तोडून दाखवी. त्याला 'गीक' म्हणत. पुढें जो मुलगा खेळांत मागें, चारचौघांत बुजरा, पण गणित, यंत्रें आणि ग्रहताऱ्यांवरील कादंबऱ्या यांत बुडालेला, त्याला शाळासोबती याच नांवानें चिडवूं लागले. संगणकाचें युग आलें आणि याच मुलांच्या हातीं जगाच्या किल्ल्या आल्या. तेव्हां त्यांनीं ती शिवी बिरुद म्हणून मिरविली.

दुसरा शब्द 'पेगन'. लॅटिन भाषेंत 'पागानुस' म्हणजे खेड्यांतला मनुष्य. रोमी साम्राज्यांत ख्रिस्ती धर्म पसरला तेव्हां जे लोक जुन्याच देवांना धरून राहिले, त्यांना हें नांव मिळालें. आपल्याकडे शहाणपण मिरविणारा मनुष्य म्हसोबा-मरीआईच्या भक्ताकडे ज्या नजरेनें पाहतो, तीच नजर या शब्दांत आहे. शतकें लोटलीं. इंग्लंडांत चेटकासंबंधींचा १७३५ चा कायदा १९५१ सालीं रद्द झाला आणि १९५४ मध्यें जेराल्ड गार्डनर या गृहस्थानें एक पुस्तक लिहून जाहीर केलें कीं, इंग्लंडांतील जुनी निसर्गपूजा मेलेली नाहीं. हा गार्डनर सिलोन आणि मलाया येथें कित्येक वर्षें नोकरी करून परतलेला. त्यानें मांडलेल्या पंथांत एक देवी, एक शिंगें असलेला वनदेव, चंद्राच्या कलांप्रमाणें होणारीं पूजनें आणि ऋतूंचे सण होते. हा पंथ १९६० नंतर अमेरिकेंत पोंचला आणि तेथें त्याला नाना फांटे फुटले. त्या सर्वांनीं 'पेगन' हें नांव राजीखुशीनें घेतलें.

तिसरा शब्द 'फिल्क'. याची कथा मोठी मौजेची आहे. विज्ञानकथांचे हौशी वाचक आपसांत टंकलिखित मासिकें काढून टपालानें फिरवीत असत. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ली जेकब्स नांवाच्या एका वाचकानें आधुनिक अमेरिकन लोकसंगीतावर विज्ञानकथेचा परिणाम असा एक लेख लिहिला. लिहितांना 'फोक' म्हणजे लोक या शब्दाऐवजीं हातून 'फिल्क' असें टंकलें गेलें. लेखांतील मजकूर जरा चावट असल्यानें संपादकाला टपालखात्याच्या कायद्याची भीति वाटली आणि त्यानें तो लेख फिरविला नाहीं. पण ती चूक मात्र हंसत हंसत सगळ्यांच्या कानांवर घातली. १९५३ सालीं कॅरन अँडरसन या बाईंनीं आपल्या मासिकांत एक विडंबनगीत छापतांना तोच शब्द जाणूनबुजून वापरला. तेव्हांपासून विज्ञानकथेच्या वेड्यांनीं रचलेलें गाणें तें 'फिल्क'. लेखनिकाच्या चुकीनें एखाद्या पोथींतील पाठ बदलावा आणि त्या पाठावरून एक संप्रदाय निघावा, तसेंच हें झालें.

आतां प्रश्न असा कीं, यंत्रांचा भक्त आणि वनदेवतेचा भक्त हे दोघे एका चटईवर येऊन बसले कसे? वरवर पाहतां हीं दोन टोकें दिसतात. एकाचें तोंड भविष्याकडे, दुसऱ्याचें भूतकाळाकडे. परंतु इतिहास पाहूं लागलें म्हणजे दोघांचें घर एकच दिसतें.

रॉबर्ट हाइनलाइन या प्रख्यात विज्ञानकथाकाराची एक कादंबरी १९६१ सालीं प्रसिद्ध झाली. मंगळावर वाढलेला एक मानवपुत्र पृथ्वीवर येतो आणि एक नवा धर्म स्थापितो, असें तिचें कथानक. पुढच्याच वर्षीं मिझुरी संस्थानांतील एका कॉलेजांत टिम झेल आणि त्याचा एक मित्र यांनीं ती कादंबरी वाचून तींतील धर्म खरोखरच आचरावयास आरंभ केला. १९६८ मध्यें त्यांच्या मंडळाची रीतसर नोंदणी झाली आणि तें अमेरिकेंतील पेगन चळवळीचें एक मोठें केंद्र बनलें. म्हणजे अमेरिकेंतील या जुन्या म्हणविणाऱ्या धर्माची एक मुळी थेट विज्ञानकादंबरींत रुजलेली आहे! याच सुमारास, १९६६ च्या १ मे रोजीं, कॅलिफोर्नियांत बर्कली येथें डायना पॅक्सन या तरुणीच्या घरामागील अंगणांत कांहीं विज्ञानकथाप्रेमी मंडळींनीं मध्ययुगीन वेष करून लुटुपुटीच्या लढाया खेळल्या. त्या खेळांतून एक मोठी संस्था उभी राहिली. तींत राजे आले, दरबार आले आणि दरबार आले म्हणजे भाटहि आलेच. याच संस्थेच्या पश्चिम राज्याचा दरबारी भाट ग्विडियन पेन्डरवेन हा पेगन पंथाचा एक आद्य गायक. १९४६ त जन्मलेल्या या मनुष्यानें १९७५ सालीं जुन्या धर्माचीं गाणीं अशा अर्थाचें नांव देऊन आपली तबकडी स्वत:च काढली, रानांत झाडें लावण्याचें व्रत घेतलें, आणि १९८२ सालीं मोटारीच्या अपघातांत तो अकालीं गेला.

मार्गो ॲडलर या बाई अमेरिकेच्या नभोवाणीवर वार्ताहर होत्या आणि स्वत: पेगन होत्या. त्यांनीं १९७९ सालीं या पंथांवर मोठा ग्रंथ लिहिला. पुढें त्याच्या वाढविलेल्या आवृत्तींत त्यांनीं नोंद केली कीं, या निसर्गपूजकांत संगणकाचें आणि तांत्रिक काम करणारे लोक पुष्कळ आढळतात. मला यांत फारसें नवल वाटत नाहीं. अमेरिकेनें अवकाशांत माणसें धाडलीं तेव्हां त्या योजनांचीं नांवें कोणतीं ठेविलीं? मर्क्युरी, जेमिनी आणि अपोलो. त्यांतील अपोलोला चंद्रापर्यंत वाहून नेणाऱ्या महाकाय अग्निबाणाचें नांव सॅटर्न. हे सारे जुने देव आणि नभांतील पुराणपुरुष. ज्या देवांचीं मंदिरें दीड हजार वर्षांपूर्वीं बंद झालीं, त्यांचींच नांवें यंत्रांच्या कपाळीं आलीं. माणूस आपल्या आटोक्याबाहेरच्या गोष्टीला हात घालूं लागला कीं त्याच्या तोंडीं देवाचें नांव येतेंच.

या वातावरणांत लेस्ली फिश पुढें आली. तिचा जन्म १९५३ चा. तरुणपणीं व्हिएतनाम युद्धाच्या विरोधाच्या चळवळींत ती होती, आणि पुढें शिकागोंत अमेरिकेच्या जुन्या लढाऊ कामगार संघटनेंत ती शिरली. ही संघटना १९०५ सालीं शिकागो येथेंच स्थापन झालेली. तिच्या गाण्यांचा इतिहास येथें थोडक्यांत सांगितला पाहिजे, कारण फिल्क गाण्याची निम्मी रीत तेथून आली आहे. कामगारांचे वक्ते रस्त्याच्या कोपऱ्यावर भाषणास उभे राहिले म्हणजे धर्मप्रसारकांचा बँड मुद्दाम तेथें येऊन मोठ्यानें वाजूं लागे, आणि वक्त्याचा आवाज बुडून जाई. कामगारांनीं युक्ति काढली. त्यांनीं त्याच भक्तिगीतांच्या चालींवर आपले शब्द बसविले आणि त्याच बँडच्या साथीवर तीं गाणीं म्हणावयास सुरुवात केली! १९०९ सालीं त्यांची गाण्यांची लहानशी लाल पुस्तिका निघाली. जो हिल हा त्यांचा शाहीर. त्याला १९१५ मध्यें युटा संस्थानांत खुनाच्या आरोपावरून गोळ्या घालून देहान्त शिक्षा झाली. आपल्याकडे ही रीत नवी नाहीं. नाट्यपदाच्या चालीवर भजन बसवावें आणि पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून त्या नाट्यपदाचा उल्लेख करावा, हें जुन्या पदसंग्रहांतून आपण पाहिलेंच आहे. आमच्या अण्णाभाऊ साठ्यांनीं तर मराठी पोवाड्याच्या साच्यांत स्टालिनग्राडची लढाई ओतली. ज्या साच्यांत सिंहगड बसला त्यांत व्होल्गेकांठचें शहरहि बसलें.

लेस्ली फिश हिनें हीच विद्या ग्रहताऱ्यांकडे वळविली. बारा तारांची गिटार घेऊन ती गात असे. तिचा आवाज गोड नव्हे, खणखणीत. लावणीचा नव्हे, पोवाड्याचा म्हणा. १९७६ सालीं शिकागोंतील आपल्या सोबत्यांबरोबर तिनें एक तबकडी काढली. बाजारांत विकावयास आलेली फिल्कची पहिली तबकडी म्हणून ती ओळखली जाते. तिच्या नांवाचा मराठी अर्थ असा: 'अजून जन्मासहि न आलेल्या लोकांचीं लोकगीतें'. हें नांव मी प्रथम ऐकलें तेव्हां थक्क झालों. लोकगीत म्हणजे वाडवडिलांपासून आलेलें, अशी आपली समजूत. ही बाई म्हणते कीं, पुढें जे लोक ताऱ्यांमधून प्रवास करतील त्यांनाहि दळतांना, वल्हवतांना, घरची आठवण येतांना गाणें लागेलच; तें त्यांच्यासाठीं आतांच रचून ठेवूं. कोणी झाड लावतो तें नातवासाठीं. हिनें गाणीं लावलीं.

पुढच्याच वर्षीं, १९७७ त, तिची दुसरी तबकडी निघाली. तींतील एक गाणें अगदीं खट्याळ आहे. एका अवकाशनौकेचे खलाशी सुट्टीवर एका बंदरांत उतरतात आणि तेथें असा धुमाकूळ घालतात कीं सबंध नौकेलाच त्या बंदराची कायमची बंदी होते. दूरचित्रवाणीवरील एका प्रसिद्ध अवकाशमालिकेंतील पात्रांची ही थट्टा. तें इतकें लोकप्रिय झालें कीं त्याच्या विडंबनांचा एक स्वतंत्र ढीग जमला, आणि जाणत्या गायकांना त्याचा वीट आला. परंतु तिचें अक्षय गाणें निराळें. त्याचा विषय १९६९ च्या जुलैमधील चंद्रावरील पहिलें पाऊल. जें यान चंद्रावर उतरलें त्याचें नांव गरुड होतें, हें आपणांस ठाऊकच आहे. त्या गरुडाच्या घरट्याची कल्पना घेऊन तिनें गाणें रचलें. जग थकतें, राज्यें बुडतात, काळ सर्वांना गिळतो. तरी त्या एका दिवशीं माणसानें केलें तें केलेंच, तें आतां कोणाला पुसतां येणार नाहीं, असा त्याचा भाव. हें गाणें विज्ञानकथाप्रेमी मंडळींत राष्ट्रगीतासारखें मानलें जातें. १९८४ सालीं या मंडळींनीं आपल्या गीतांसाठीं पारितोषिकें सुरू केलीं, तेव्हां पहिल्याच वर्षीं उत्कृष्ट फिल्क गीताचें पारितोषिक त्याला मिळालें.

पेगन समाजांतहि लेस्ली फिश हिची ऊठबस होती. जुन्या देवदेवतांची आठवण जागविणारें काव्य तिला प्रिय, आणि अशा काव्याचा शोध घेतां घेतां ती ज्या कवीपाशीं पोंचली तो आपल्या मुंबईचा निघाला! रुडयार्ड किप्लिंग याचा जन्म १८६५ च्या ३० डिसेंबरला मुंबईंत झाला. त्याचे वडील जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत शिकवीत, आणि त्या शाळेच्या आवारांतच त्यांचें बिऱ्हाड होतें. लहानग्या रुडयार्डला सांभाळावयास एक ख्रिस्ती आया आणि मीता नांवाचा एक हिंदु नोकर होता. मीता त्याला हाताला धरून वाटेवरच्या देवळांत नेई, आणि तेथल्या अंधुक गाभाऱ्यांतले देव आपल्याला स्नेहाळ वाटत, असें किप्लिंगनें उतारवयांत लिहून ठेविलें आहे. दुपारीं झोपण्यापूर्वीं तीं दोघें त्याला इकडच्या गोष्टी सांगत, गाणीं म्हणत. किप्लिंगच्या साम्राज्यवादाचा आपण भारतीय जो राग करतों तो योग्यच आहे. परंतु हीहि गोष्ट खरी कीं, परक्या देवांकडे न भितां पाहण्याची संवय त्याला या मुंबईच्या गल्लींत लागली.

इंग्लंडांत स्थायिक झाल्यावर त्यानें १९०६ सालीं मुलांसाठीं एक कथासंग्रह लिहिला. इंग्लंडच्या भूमींतील जुने वनदेव, रोमी शिपायांचा मित्र-देव, ओक वृक्षांचा महिमा असें सारें त्यांत आहे. त्यांतील एक वृक्षगीत गार्डनरच्या पंथानें उचललें आणि थोडा फेर करून वसंतोत्सवाच्या विधींत घातलें. म्हणजे मुंबईंत जन्मलेल्या कवीचें गाणें इंग्लंडच्या नव्या चेटकिणींचा मंत्र झालें! तें गाणें शतकानुशतकें चालत आलेलें आहे, असें कित्येक भोळ्या भक्तांना वाटे. लेस्ली फिश हिनें किप्लिंगच्या कवितांना चाली लावण्याचा मोठाच उद्योग केला. १९८३ सालीं तिची 'थंड लोखंड' या अर्थाच्या नांवाची ध्वनिफीत निघाली, आणि पुढें आणखीहि निघाल्या. शिपायांच्या, खलाशांच्या आणि मजुरांच्या तोंडच्या त्या कविता तिच्या कामगारी आवाजाला अगदीं शोभल्या. स्वत: राजसत्तेची कट्टर विरोधक असून तिनें साम्राज्याच्या कवीला आपलेंसें केलें, यांत मला तिच्या मनाचा मोठेपणा दिसतो.

हें गाणें पसरलें कसें, तेंहि पाहण्यासारखें आहे. मोठ्या कंपन्यांना या गाण्यांत धंदा दिसत नव्हता. वर्षांतून कांहीं वेळां विज्ञानकथांचीं संमेलनें भरत. दिवसाचीं व्याख्यानें संपलीं कीं रात्रीं हॉटेलच्या एखाद्या खोलींत वा जिन्याखालीं ही मंडळी वर्तुळ करून बसत. व्यासपीठ नाहीं, तिकीट नाहीं. पाळी फिरत फिरत प्रत्येकाकडे येई. ज्याची पाळी येई त्यानें स्वत: गावें, नाहीं तर दुसऱ्याला गावयास सांगावें, नाहीं तर पाळी पुढें सोडावी. बेसूर गाणाऱ्यालाहि पाळी चुकत नसे. एकादशीच्या रात्रीं देवळांत टाळ एकाच्या हातांतून दुसऱ्याच्या हातांत जातो आणि प्रत्येकजण आपल्या वकुबाप्रमाणें एकेक अभंग म्हणतो, तेंच हें. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियांत ऑफ सेंटॉर नांवाच्या एका लहानशा प्रकाशनसंस्थेनें या बैठकींतील गाणीं ध्वनिफितींवर घेऊन विकावयास आरंभ केला. तें दशक संपण्यापूर्वींच ती संस्था मिटली. परंतु तोंवर त्या फिती घरोघर गेल्या होत्या, आणि एकीवरून दुसरी उतरवून घेतली जात होती. माझा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या कामानिमित्त त्याच प्रांतांत राहतो. त्यानें मला हीं गाणीं ऐकविलीं आणि शब्द समजावून सांगितले.

आतां एक आक्षेप घेतां येईल, आणि तो प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. ज्याचा कर्ता ठाऊक, ज्याचें साल ठाऊक, तें लोकगीत कसलें? आणि जो धर्म सत्तर वर्षांपूर्वींच्या पुस्तकांतून व कादंबऱ्यांतून निघाला, तो प्राचीन कसला? इतिहासाच्या दृष्टीनें हा आक्षेप खरा आहे. युरोपांत जुना धर्म गुप्तपणें अखंड चालत आला, असें मार्गारेट मरे या विदुषीनें १९२१ सालीं प्रतिपादिलें होतें. तें मत पुढील संशोधकांनीं अमान्य केलें, आणि रोनाल्ड हटन या इतिहासकारानें १९९९ सालीं एक विस्तृत ग्रंथ लिहून या पंथाचें नवेपण उघड केलें. विशेष हें कीं, पेगन मंडळींतील कित्येकांनीं तें निमूटपणें मान्यहि केलें. आमचा धर्म जुना नसेल, पण आमची गरज जुनी आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ. ज्याचे वाडवडील समुद्रापलीकडून आले, ज्याचें गांव, ग्रामदैवत आणि जात्यावरचीं गाणीं पलीकडेच राहिलीं, त्या अमेरिकन मनुष्यानें काय करावें? त्यानें हाताशीं जें होतें तें घेतलें. कादंबरी घेतली, दूरचित्रवाणीवरील मालिका घेतली, कामगारांच्या चाली घेतल्या, मुंबईकर कवीचे शब्द घेतले आणि गाणें उभें केलें. हाइनलाइनच्या १९४७ सालच्या एका कथेंत ऱ्हाइस्लिंग नांवाचा एक आंधळा कवि ग्रहांमधून गात हिंडतो. तो सर्वस्वीं काल्पनिक. परंतु १९७१ सालीं अपोलो १५ च्या प्रवाशांनीं चंद्रावर उतरलें तेथल्या एका विवराला त्याचेंच नांव दिलें. कधींच न जन्मलेल्या शाहिराचें नांव चंद्रावर आहे! मग जन्मास न आलेल्यांचीं लोकगीतें कां नसावींत?

आतां माझी गोष्ट. चंद्रावर पहिलें पाऊल पडलें तें आपल्या घड्याळाप्रमाणें १९६९ च्या २१ जुलैला, सकाळीं साडेआठच्या सुमारास. मी तेव्हां दहा वर्षांचा होतों. चावडीवरच्या रेडिओवर बातमी ऐकून मी धांवत घरीं आलों आणि आजीला सांगितलें. ती जात्यावर बसली होती. तिनें खुंटा थांबविला, मला सर्व पुन: सांगावयास लावलें, आणि मग कांहीं न बोलतां दळूं लागली. त्या संध्याकाळीं ढगांतून अर्ध्याला आलेला चंद्र दिसला. तिनें त्याच्याकडे पाहून हात जोडले. दुसऱ्या दिवशीं पहाटे ती जात्यावर चंद्राच्या ओव्या म्हणत होती, आणि त्या तिच्याच होत्या. पुढें कित्येक वर्षें ती त्या म्हणत असे.

मॅट्रिक होऊन मी अध्यापक विद्यालयांत गेलों. तेथें आम्हांला आपापल्या गांवच्या ओव्या गोळा करून आणण्यास सांगितलें होतें. मी वही घेऊन आजीपुढें बसलों. तिनें सीतेच्या सांगितल्या, रुक्मिणीच्या, विठोबाच्या, भावाच्या सांगितल्या, त्या मी लिहिल्या. मग ती म्हणाली, "बाळा, आतां चंद्राच्या लिही." मी हंसून म्हटलें, "आजी, त्या कसल्या ओव्या? त्या तूं केलेल्या. मला जुन्या पाहिजेत." ती म्हणाली, "असूं दे, तूं शिकलेला." पुन: तिनें तो विषय काढला नाहीं. दुसऱ्या वर्षीं ती गेली.

ती वही माझ्याजवळ आहे. तींत बासष्ट ओव्या आहेत. सानेगुरुजींनीं छापलेल्या संग्रहांत आणि इतर पुस्तकांत त्यांतील बहुतेक थोड्या फरकानें मला सांपडल्या. ज्या जगांत फक्त तिच्या होत्या, त्याच तेवढ्या मीं लिहिल्या नाहींत. त्यांतील एकीचा भाव मला आठवतो, शब्द आठवत नाहींत. चंद्र हा तिचा भाऊ. परकीं माणसें आपल्या भावाच्या घरीं गेलीं. उंबऱ्याशीं त्यांनीं पायांतले जोडे काढले कीं नाहीं, आणि बहिणीचा निरोप त्याला सांगितला कीं नाहीं, असें ती विचारीत होती.

म्हणून सांगतों, ज्या दिवसावर अमेरिकेंत एका तरुणीनें गरुडाचें गाणें रचलें, त्याच दिवसावर आमच्या घरीं एका निरक्षर बाईनें ओवी रचली होती. दोघींनाहि जुनें गाणें अवगत होतें आणि दोघींनाहि नवी गोष्ट त्यांत बसविण्याची हिंमत होती. फरक इतकाच कीं, तिच्याभोंवतीं वर्तुळ करून बसणारे श्रोते होते, आणि माझ्या आजीपुढें शिकलेला नातू होता. हेमा रायरकर आणि गी प्वातव्हां यांनीं पुढें आपल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. त्यांत बाबासाहेब आंबेडकरांवरच्याहि पुष्कळ आहेत. ओवीला नवें वर्ज्य नव्हतेंच. वर्ज्य होतें तें माझ्यासारख्या मास्तरांना.

२०२३ च्या २३ ऑगस्टला आपलें यान चंद्रावर उतरलें आणि त्या जागेला शिवशक्ति हें नांव मिळालें. त्या दिवशीं मी गांवांतील चार वृद्ध बायांना विचारलें, कोणी कांहीं रचलें काय? त्या हंसल्या. जातीं अंगणांत पालथीं पडलेलीं आहेत. तरीहि मला निराश व्हावयाचें नाहीं. श्रोतेहो, आपल्या घरांत कोणी एखादें वेडेंवांकडें गाणें जुळवीत असेल, यंत्राचें असो कीं झाडाचें, रॉकेटचें असो कीं म्हसोबाचें, तर तें जुनें आहे कीं नवें हें विचारूं नका. कागद घ्या आणि लिहून घ्या.